तिघांतला तिसरा

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावरचे दिवे लागले, की मनोहर कुरुंदवाडकर अंगात केशरी जाकीट चढवायचा, हातात काठी घ्यायचा आणि कडेच्या पांढऱ्या रेषेवर जाऊन उभा राहायचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, आणि ते दहा यार्ड झाले का नाही हे पाहायला या एवढ्या पुढारलेल्या देशात अजूनही दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये एक साखळी लागते. हसू नका, खरंच लागते. गावातली चार हौशी माणसं ती साखळी सांभाळतात. त्यांना मिळतं काय, तर एक हॉट डॉग आणि खेळाच्या अगदी कडेला उभं राहायला जागा. नियम एकच, पण कडक. साखळीवाल्याने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, कुठल्याही टीमच्या बाजूने हूं की चूं करायचं नाही.

मनोहरला हा नियम फार मानवला. बाकीच्या तिघांना अधूनमधून ओठ चावून गप्प बसावं लागायचं. याला काही करावंच लागायचं नाही. जन्मभर त्याने दुसरं केलं होतं काय?

मूळचा मिरजेचा. सांगलीला इंजिनिअर झाला, मिशिगनला एम.एस. केलं आणि तिथल्याच नोव्हाय गावात गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला तो चिकटलाच. काम दारांच्या बिजागऱ्या तपासायचं. गाडीचं दार मशीनला लावायचं, ते हजारो वेळा उघडतं, मिटतं, आणि बिजागरी नेमकी कुठे दगा देणार हे मनोहर बाकीच्यांच्या आधी सांगायचा. नजर अशी, की चुकायची नाही. पण दरवर्षी साहेब समोर बसवून विचारायचा, "मॅनो, या वर्षी तू काय काय चांगलं केलंस?" की याची दातखीळ बसायची. "टीमने केलं," म्हणायचा. "मी काय, थोडी मदत." साहेब ते लिहून घ्यायचा. नागपूरचा गिरीश त्याच्यानंतर दहा वर्षांनी आला आणि त्याचा साहेब झाला. गिरीश वाईट माणूस नव्हता हो, त्याला फक्त स्वतःचं नाव घेता यायचं.

आता हे असं का, ते मिरजेत जाऊन बघायला हवं. मनोहरचे वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. मनोहर दहावीला केंद्रात पहिला आला, तेव्हा गल्लीतली माणसं पेढे खायला जमली. मास्तर काय म्हणाले? "आमचा मन्या काय, ढ आहे. पेपर सोपा होता." झालं! लगेच शेजारच्या काकू, समोरचे कंपाउंडर, सगळे एका सुरात, "काहीतरीच काय मास्तर, हिरा आहे हिरा!" मास्तर मान हलवायचे, "बघू, टिकलं तर खरं." हा खेळ एकट्याने खेळायचा नसतोच. घरच्याने पोराला खाली दाबायचं आणि बाहेरच्याने वर उचलायचं. दृष्ट लागत नाही, गर्व चढत नाही, आणि कौतुक व्हायचं ते होतंच. मास्तरांनी मुलाला तोंडावर एकदाही शाबास म्हटलं नाही. मनोहरला त्याचं काही वाटलं नाही, निदान तो तरी असंच सांगायचा.

हाच खेळ त्याने नोव्हायच्या महाराष्ट्र मंडळात चालू ठेवला. गणपतीला सगळे जमले, ताटं हातात आली, की मुलांचे विषय निघायचे. मनोहर म्हणायचा, "आमचा ईशान काय, दिवसभर चेंडू फेकतो. अभ्यासाच्या नावाने शंख." लगेच ईशानच्या मित्राची, शंतनूची आई म्हणायची, "अहो, काहीतरीच काय! केवढा गुणी मुलगा आहे." ईशान नऊ वर्षांचा असताना त्याने एकदा आईला विचारलं, की बाबा सगळ्यांना असं का सांगतो. आश्लेषाने, म्हणजे मनोहरच्या बायकोने, त्याला जवळ घेऊन सांगितलं, "मोठ्या माणसांचं असंच असतं रे. बाबा मराठीत तुला नावं ठेवायला लागला, की उलटं ऐकायचं." पोरगं हुशार. तेव्हापासून मनोहर सुरू झाला, की ईशान आईकडे बघून गालातल्या गालात हसायचा.

फुटबॉलचं वेड बापानेच लावलं होतं. लग्नाआधीच्या एकट्या हिवाळ्यांत, टीव्हीसमोर भात खाताना, मनोहर हा खेळ शिकला. आपल्या लोकांना त्यात धक्काबुक्की दिसते, याला डोकं दिसलं. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू ज्याच्या हातात पहिला येतो तो पोरगा. समोरून पाच-सहा धटिंगण अंगावर धावून येत असतात, आपली पोरं पुढे पळत असतात, आणि त्या दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं, चेंडू कुणाकडे, कधी, किती उंच. ईशान सात वर्षांचा असल्यापासून बापलेक घरामागच्या गवतात हेच करायचे. मनोहर पळायचा, धापा टाकायचा, आणि ईशान चेंडू टाकायचा. चांगला टाकला तर मनोहर म्हणायचा, "हं. आता परत."

ईशान दहावीत गेला आणि शाळेच्या मोठ्या टीमसाठी तीन क्वार्टरबॅक उभे राहिले. त्यांचं घर नोव्हायच्या कडेला, शाळा मात्र पलीकडच्या टाउनशिपची. तिथे फुटबॉलला अर्धं गाव लोटतं. ट्रेंट बारावीतला, दोन वर्षं तोच खेळत होता. उंचापुरा, हातात विलक्षण जोर. वायट अकरावीतला, दुसऱ्या शाळेतून आलेला, त्याच्या बापाने त्याला खास शिकवणी लावलेली. आणि तिसरा आपला ईशान, अंगाने किरकोळ, हाताला जोर बेताचा.

मे महिन्यात पोरांचा आपापला उन्हाळी सराव सुरू झाला, तिथे कोच फारसा फिरकत नाही. मनोहर ऑफिसातून परस्पर मैदानावर जायचा आणि कुंपणाला टेकून बघत राहायचा. बिजागरी बघतो त्या नजरेने बघायचा, आपलं पोर म्हणून नाही. ट्रेंट ज्याच्याकडे चेंडू टाकणार, त्याच्याकडे पहिल्यापासून टक लावून बघतो, त्यामुळे समोरच्यांना आधीच कळतं. वायटचे पाय सुरेख, पण अंगावर कुणी आलं की गरज नसताना पळ काढतो. ईशान डावीकडे बघतो आणि चेंडू उजवीकडे जातो. तोही कुठे, तर जिथे अजून कुणी नाहीच अशा जागी. आणि पळणारा पोरगा वळून बघतो तोवर चेंडू त्याच्या हातात! मनोहरने महिनाभर पाहिलं, स्वतःला चार वेळा खोटं ठरवून पाहिलं. ताकदीत तिसरा, खेळात पहिला. यात शंका नव्हती.

त्या दिवशी तो घरी आला तो थेट स्वयंपाकघरात. ईशान वर आंघोळीला गेलाय याची खात्री करून आवाज खाली आणून आश्लेषाला म्हणाला, "हा पोरगा वेगळा आहे गं. त्या दोघांच्या पुढचा आहे." लग्नाला वीस वर्षं झाली, आश्लेषाने त्याच्या तोंडून कुणाचं एवढं कौतुक ऐकलं नव्हतं. तिचे डोळेच भरून आले. ईशान जेवायला बसला तेव्हा तिने त्याच्यावरून मीठमोहरी ओवाळली आणि तव्यावर टाकली. मोहरी तडतडली, धूर झाला आणि स्मोक अलार्म ठणाणा करायला लागला. ईशान टॉवेल हलवत ओरडला, "आई, व्हॉट आर यू डुइंग?" कशाबद्दल दृष्ट काढतेय हे त्याला कुणीच सांगितलं नाही. दोघं नुसते हसत राहिले.

जुलै संपता संपता मुलांना हेल्मेट आणि बाकीचं सामान वाटायचा दिवस आला. कोच हॅलोरन म्हणजे साठीचा, भारदस्त, गुडघे गेलेला माणूस. त्याने मनोहरला सामानाच्या खोलीमागे बाजूला घेतलं. कोच म्हणाला, "मॅनो, पाच वर्षं तू माझ्या बेंचसमोर साखळी धरून उभा आहेस. एकदाही ओरडला नाहीस. तुझ्याइतकं शांतपणे हा खेळ बघणारा माणूस या गावात नाही. ट्रेंटच पहिल्यापासून खेळणार हे ठरलंय. त्याच्या पाठीमागे कुणाला तयार करू, वायटला का तुझ्या मुलाला? ज्याला निवडेन त्याच्यावर मी वर्षभर मेहनत घेणार. बाप म्हणून नको, तू जसा बघतोस तसं सांग. ईशान तयार आहे?"

बघा, देवाने ताट वाढून समोर ठेवलं होतं. घास उचलून तोंडात घालायचा, एवढंच काम. आणि मनोहरच्या तोंडून काय निघालं? "कोच, त्याला अजून फार शिकायचंय. कच्चा आहे. ट्रेंट आणि वायट दोघंही त्याच्यापेक्षा चांगले आहेत. ईशान काय, ठीक आहे."

आणि तो थांबला. मिरजेत जसं थांबतात तसा थांबला. आता समोरच्याची पाळी होती. आता कोचने म्हणायचं होतं, अरे काहीतरीच काय, हिरा आहे तुझा मुलगा. मनोहरने त्यासाठी मानही थोडी खाली घातली होती, संकोचाने हसायची तयारीही ठेवली होती.

कोच म्हणाला, "थँक यू." त्याने मनोहरचा हात दोन्ही हातांत घेतला. "तीस वर्षांत मला असं सांगणारा तू पहिला बाप आहेस."

आणि आमच्या या शहाण्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं! पहिला प्रामाणिक बाप! घरी येईपर्यंत तो गाडीत स्वतःशीच हसत होता. आश्लेषाला त्याने सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं, वर म्हणाला, "बघ, इथल्या माणसाला किंमत आहे खऱ्याची." आश्लेषाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"अहो, खरं कुठे बोललात तुम्ही?"

"म्हणजे?"

"महिन्यापूर्वी मला काय सांगितलंत? आणि त्याला काय सांगून आलात? तो मिरजेचा आहे का तुमची भाषा कळायला? आत्ताच्या आत्ता फोन करा त्याला."

"काहीतरीच. कोच काय आंधळा आहे? सरावात दिसेलच त्याला."

"तुमची ती जीभ!" आश्लेषा म्हणाली. "स्वतःचं वाटोळं केलंत ते केलंत, पोराचं तरी करू नका."

मनोहर डोक्यात राख घालून बाहेर गेला आणि गवत कापत बसला. फोन केला नाही. आता उलट सांगायचं म्हणजे कोच काय म्हणेल? पहिला प्रामाणिक बाप एका दिवसात बदलला? नको ते.

ऑगस्टमध्ये खरा सराव सुरू झाला. कोच आंधळा नव्हता, पण कोचला पन्नास पोरं बघायची होती, आणि एका पोराचा निर्णय त्याच्या मनाने झालेला होता. त्याने ईशानला एकदाही क्वार्टरबॅकच्या जागी उभं केलं नाही. त्याला चेंडू झेलणाऱ्यांत टाकलं. ईशानने आठवडाभर कळ काढली आणि मग धीर करून विचारलं. कोचने मोठ्या मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "तुझे हात चांगले आहेत, झेलायला शीक. क्वार्टरबॅकचं म्हणशील तर तुझे वडील आणि मी, आमचं एकमत आहे. तू त्या दोघांच्या मागे आहेस. आणि तुझ्या वडिलांची नजर मी मानतो."

ईशान त्या संध्याकाळी घरी आला तो बॅग न ठेवताच मनोहरसमोर उभा राहिला. घामाने निथळत होता. एरवी इंग्लिशमध्ये उत्तरं देणारं पोरगं, पण त्या दिवशी तुटक तुटक मराठीत बोललं.

"बाबा, तू कोचला असं म्हणालास?"

मनोहर म्हणाला, "अरे, तसं म्हणायचं असतं. आपण आपल्याच मुलाचं—"

"नाही. मंडळात तू म्हणतोस तेव्हा मला कळतं. मराठीत म्हणतोस तेव्हा मला कळतं, यू डोन्ट मीन इट. पण तू इंग्लिशमध्ये म्हणालास. कोचला." त्याचा आवाज फाटला. "मग तुला खरं काय वाटतं? सांग ना. मी त्यांच्यापेक्षा वाईट आहे?"

दाराशी आश्लेषा उभी होती. ती डोळ्यांनी विनवत होती, बोला, आता तरी बोला. आणि मनोहरच्या मनात उत्तर अगदी तयार होतं. तू पहिला आहेस. तीन शब्द. पण तोंडावर? पोराच्या तोंडावर? कोचने तर जागा देऊन टाकलेली, आता हे सांगून पोराला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, तो कोचशी भांडणार, दुसऱ्यांचा राग करणार. असं सगळं त्याने त्या क्षणात स्वतःला समजावलं. खरी गोष्ट एवढीच, की त्याची जीभ रेटली नाही. त्याच्या बापाची कधी रेटली नव्हती, याचीही रेटली नाही.

"मेहनत कर," मनोहर म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

ईशानने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग "ओके" म्हणाला आणि वर गेला. रडला नाही, आदळआपट केली नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला गेला आणि झेलायला शिकू लागला. घरामागच्या गवतात मात्र परत गेला नाही. मनोहर एकदोन संध्याकाळी चेंडू हातात घेऊन मागच्या दारात उभा राहिला. ईशान म्हणायचा, होमवर्क आहे.

पाचव्या मॅचला ट्रेंटचा खांदा निखळला. सगळं मैदान उभं राहिलं. स्ट्रेचर आलं, ट्रेंटची आई धावत आली, आणि कोचने वायटला आत पाठवलं. मनोहर काठी धरून रेषेवर उभा होता आणि त्याच्या मागे दहा पावलांवर बेंच होता, बेंचवर ईशान. वायटने चेंडू घेतला. समोरून दोघं अंगावर आले, आणि मनोहरने मे महिन्यात पाहिलं होतं तेच झालं. वायट उजवीकडे पळत सुटला. डावीकडे अकरा नंबरचा पोरगा एकटा, अगदी मोकळा, हात वर करून पळत होता. मनोहरला तो दिसला आणि त्याच क्षणी मागे बेंचवर कुणीतरी ताडकन उठल्याचा आवाज आला. मनोहरने मान वळवली. ईशान उभा होता, हात लांब करून डावीकडे दाखवत, तोंडाने काहीतरी पुटपुटत. त्यालाही दिसला होता. त्या हजार-दीड हजार माणसांत फक्त त्या दोघांना दिसला होता. तेवढ्यात वायट खाली पडला आणि चेंडू गेला.

मनोहरला ओरडावंसं वाटलं, त्याला घाला रे, त्या मागच्याला घाला, तो बघा! आयुष्यात पहिल्यांदा घशापर्यंत आवाज आला. आणि हातात साखळीची काठी होती. पंचाने खूण केली, मनोहर काठी उचलून मुकाट्याने पुढच्या जागी गेला. ती मॅच हरले. पुढच्या दोन बाहेरगावी होत्या, त्याही हरले.

मग मनोहर कोचच्या खोलीत गेला. ऑफिसातून सुट्टी घेऊन गेला. घरून निघताना आश्लेषाने त्याच्याकडून काय बोलायचं ते दोनदा म्हणून घेतलं होतं. कोच टेबलाशी बसून गार झालेली कॉफी पीत होता. मनोहर उभ्या उभ्याच बोलायला लागला.

"कोच, माझा मुलगा त्या तिघांत सगळ्यांत चांगला आहे. जुलैमध्येही होता. मी तुला चुकीचं सांगितलं."

कोचने कप खाली ठेवला. "चुकीचं सांगितलंस? का?"

काय सांगणार? मनोहरने सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडे आपल्या मुलाचं आपण चांगलं बोलत नाही. समोरच्याने बोलायचं असतं. माझे वडील... आणि मिरजेतल्या त्या पेढ्यांपर्यंत आल्यावर त्याचं त्यालाच कळलं, की मिशिगनमधल्या या खोलीत यातल्या एकाही शब्दाला उभं राहायला जागा नाही. तो थांबला. कोचने त्याच्याकडे पाहिलं, रागाने नाही, थोडा थकल्यासारखा, थोडा दुखावल्यासारखा.

"मॅनो," कोच म्हणाला, "टीम हरायला लागली, की प्रत्येक बाप या दारातून आत येतो आणि हेच सांगतो. प्रत्येकाचा मुलगा सगळ्यांत चांगला असतो. मला वाटलं होतं, तू तेवढा येणार नाहीस."

मनोहरने मान खाली घातली. जेव्हा त्याच्या शब्दाला सोन्याचं मोल होतं, तेव्हा त्याने खोटं सांगितलं होतं. आज खरं घेऊन आला, तर ते बाकीच्या सगळ्या बापांच्या रांगेत जाऊन बसलं. तो कोचचे आभार मानून बाहेर आला. हो, आभार मानून! सवय कुठे जाते?

सीझन संपला. पुढच्या वर्षीच्या टीमसाठी नाव द्यायचं होतं, ईशानने दिलं नाही. भांडण नाही, तक्रार नाही. म्हणाला, रोबोटिक्सला जाईन. मंडळातल्या काकवांना हे फार पटलं, म्हणाल्या, बरं झालं, हाडं मोडायचा खेळ तो. डिसेंबरात सामान परत करायचं होतं. ईशानचं लायसन्स अजून व्हायचं होतं, म्हणून मनोहर त्याला घेऊन गेला. पार्किंगमध्ये बर्फाचा काळा चिखल झाला होता. ईशान हेल्मेट, पॅड वगैरे देऊन आला आणि शेजारी बसला. मनोहरने गाडी सुरू केली, पण काढली नाही.

"ईशान, एक सांगायचंय."

"हं."

"तू त्या तिघांत सगळ्यांत चांगला होतास."

ईशान हसला. घरी आलेल्या म्हाताऱ्या पाहुण्याकडे बघून हसतात ना, तसं समजूतदार हसला. "बाबा, इट्स ओके. यू डोन्ट हॅव टू."

"नाही, ऐक. पाचवी मॅच. ट्रेंट बाहेर गेला, पहिल्याच पासला वायट उजवीकडे पळाला. डावीकडे अकरा नंबर मोकळा होता. तू बेंचवरून उठलास. हात असा केलास."

ईशानचं हसणं थांबलं. तो पुरता वळला. "तू बघितलंस?"

"बघितलं. मलाही तोच दिसला होता. आणि मे महिन्यात एकदा बारीक पाऊस होता, चेंडू निसटत होता सगळ्यांच्या हातून. तू दोन पावलं कमी घेतलीस आणि लवकर सोडलास. कुणी शिकवलं नव्हतं तुला ते. आणि तू डावीकडे बघतोस आणि उजवीकडे टाकतोस, ते ट्रेंटला अजून जमत नाही, कॉलेजात जाऊनही जमायचं नाही." मनोहरचा बांध फुटला होता. गवतातल्या पहिल्या चेंडूपासून जे जे साठलं होतं ते सगळं तो बोलत सुटला. कुठला पास, कुठला दिवस, कुठे तो कुंपणाशी उभा राहून हातरुमालाने डोळे पुसत होता, आश्लेषाने दृष्ट का काढली, सगळं. आणि ईशानचा चेहरा हळूहळू उजळत गेला. सात वर्षांचा असताना चेंडू बरोबर पडला की व्हायचा, अगदी तसा झाला. मनोहरला वाटलं, देवा, उशिरा का होईना, पोचलो.

मग ईशान विचारात पडला. त्याच्या कपाळावर आठी आली.

"म्हणजे कोचने विचारलं, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

मनोहरने उगाच वायपर चालू केला.

"बाबा, तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा? घरी?"

"हो."

ईशान समोरच्या काचेतून बाहेर बघायला लागला. बोलला तेव्हा आवाज अगदी हळू होता. "मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतं. दॅट वॉज ओके, बाबा. तुझी नजर चुकत नाही. मला वाटलं, बाबा म्हणतो म्हणजे मी नसेन एवढा चांगला. म्हणून मी सोडलं." त्याने सीटबेल्ट ओढून लावला. "तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस."

मनोहरने गाडी काढली आणि दोघं घरी आले. ईशानने बूट काढून जागेवर ठेवले आणि जिना चढून खोलीत गेला. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. आश्लेषा कणीक तिंबत होती, ती तशीच हातांनी बाहेर आली.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग? विश्वास बसला त्याचा?"

मनोहर खुर्चीत बसला. अंगातला कोटही त्याने काढला नव्हता.

"बसला," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस, टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडायला लागला.